न छाटलेला मुनगा

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि रस्ते रुंद व्हायला लागले. आमच्या गटाने झाडांसाठी पत्रकं वाटली, धरणं धरलं, निवेदन नेलं. साहेबांनी निवेदन घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी आरे चालवले. तिथे माझं काही चाललं नाही. मग मी बुढापाऱ्यातल्या आमच्याच गल्लीत, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंना धरलं. हे सरळच लिहिते.

काकूंच्या अंगणात मुनगा होता, म्हणजे शेवगा. शेंगा संपल्या की दर वैशाखात त्या पुरुषभर खोड ठेवून वरचं सगळं उतरवायच्या, कापलेल्या तोंडांवर शेण लिंपायच्या आणि जाड फांद्यांचे हातभर तुकडे घरोघरी लावायला द्यायच्या. गल्लीतले सारे मुनगे त्या एका झाडाचे. आमचा तेवढा नालीच्या कामात गेला होता. आईने काकूंना नव्या तुकड्यासाठी सांगून ठेवलं होतं.

काकू कुऱ्हाड घेऊन स्टुलावर चढल्या आणि मी फाटकातून ओरडले, "खाली उतरा! जिवंत झाड तोडता, लाज नाही वाटत?"

"काहून वो पोट्टी? दरसालचंच तर हाय. याचं लाकूड कच्चं. वजन झालं का वाऱ्यानं फाटते."

"सगळे कापणारे असंच काहीतरी सांगतात."

त्यांच्या फाटकावर मी पत्रक चिकटवलं: फांदी तोडणारा हात खुनी असतो. वाक्य माझंच. फार आवडायचं मला ते. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं त्यांच्यामागे "खूनी चाची, खूनी चाची" करत फिरत होती. मी हसले. काकूंनी कुऱ्हाड आत नेली.

आई म्हणाली, "तुले झाडातलं काय कळते?"

"तत्त्व कळतं," मी म्हणाले.

पुढच्या वैशाखातही काकूंनी झाडाला हात लावला नाही. आमच्या बैठकीत मी तो विजय म्हणून सांगितला. एवढा एकच होता सांगायला. मुनगा पार छपराच्या वर गेला, शेंड्याशी जड, खाली किडकिडीत.

जेठातल्या एका दुपारी अंधड आलं, धुळीचं वादळ. दहा मिनिटांचं असेल. झाड बेचक्यातून उभं चिरलं, ते थेट मुळापर्यंत. काकू ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. मी गेले आणि म्हणाले, "वारंच तसं होतं काकू, कोण काय करणार?"

"हव," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडलेल्या फांद्यांचे तुकडे केले आणि टोपली घेऊन घरोघरी निघाल्या. "खूनी चाची" ओरडणाऱ्या पोरांच्या घरीसुद्धा दिले. आमच्या फाटकाशी आल्या तेव्हा आई हात पुढे करून उभीच होती.

"वहिनी, तुमच्या घरी नको," काकू म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "तुमची पोट्टी त्याले छाटू नाही देणार. फुकट मरून जाईल बिचारं."

टोपलीत अजून तीन तुकडे होते. त्या पुढच्या घरी गेल्या.

आईने हात पदराला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं, आणि आत जाता जाता मला विचारलं, "आता वरणात काय टाकू? तुझं तत्त्व?"