खिशातली नळी

नळी उजेडाकडे धरली आणि मळमळलं. रक्ताची मला किळस नाही. आठ वर्षं जिल्ह्याच्या गावी रक्तपेढीत काम करते, रक्ताचा वास नाकात घेऊनच डबा खाते. मळमळलं ते लेबल वाचून. रक्त काढल्याची वेळ लिहिली होती दहा मिनिटांपूर्वीची, आणि नळीत गाठ खाली बसून वर पिवळं पाणी सुटलेलं. ताजं रक्त असं दिसत नाही. तासभर तरी ते कुठंतरी पडून होतं.

आमच्याकडे नियम साधा आहे. ज्याचा रक्तगट आधी कुठं नोंदलेला नाही, त्याचं रक्त दोनदा मागवायचं, वेगवेगळ्या वेळी काढलेलं. दोन्हींचा गट एकच निघाला तरच पिशवी द्यायची. पहिल्या नळीत एकीच्या जागी भलतीचंच रक्त आलं असेल, तर ते दुसऱ्या नळीत सापडतं. ही नळी जिची, ती बाई बाळंतपणात खूप रक्त गेलेली, झरी तालुक्यातून आणलेली. पहिल्या नळीत तिचा गट ए पॉझिटिव्ह निघाला होता. त्या नळीतल्या रक्ताशी जुळणी करून पिशवी बाजूला काढून ठेवली होती.

वॉर्डात फोन लावला. सिस्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या.

"सिस्टर, ही नळी कधी भरली?"

"अवं पोरी, एकाच टोचणीत दोन्ही भरल्या. शीर सापडत नाही, कितीदा टोचू तिले?"

"मग दुसरी होती कुठं?"

"कुठं म्हंजे? खिशात. सारेच तसं करते. तुले आजच काहून दिसलं?"

हा शेवटचा प्रश्न मला झोंबला, कारण तो खरा होता. घाईच्या दिवशी अशा दोन नळ्या मीही मुकाट घेतल्या होत्या. पाणी सुटलेलं दिसलं होतं तरी.

मी सुई-नळ्या घेऊन वॉर्डात गेले. शेजारशेजारच्या खाटांवर दोन बाया. दोघींचं नाव एक, आडनाव एक, तालुकाही एकच. एक ही बाळंतीण, आणि दुसरी ऑपरेशनसाठी आलेली. फाईलवर फरक फक्त मधल्या नावाचा, म्हणजे नवऱ्याच्या. खाटेशी वाकून बाळंतिणीला विचारलं, "पूर्ण नाव सांग बरं." तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं विचारलं तर पदर दातात धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. पांढरीफटक पडलेली, पण लाज शाबूत.

"नवऱ्याचं नाव नाही घेत बाई आमच्यात," पायथ्याशी बसलेली सासू म्हणाली. "मी सांगतो न, पोरगा माहा हाय." आणि तिनं सांगितलं. कुणी विचारलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं.

सिस्टर हसल्या. "दोघींचीबी दातखीळ बसते. मंग मीच फाईल वाचली अन् म्हटलं, तूच न? तर हो म्हने. दुसरीले विचारलं, तेबी हो म्हने. आता घ्या!"

त्यांना ते गमतीचं वाटत होतं. मी नव्या सुईचं पाकीट फोडलं.

बाळंतिणीचं रक्त मी स्वतः काढलं, खाटेशीच लेबल लिहिलं, खाली येऊन तपासलं. ओ पॉझिटिव्ह. पुन्हा तपासलं. ओच. ए गटाची पिशवी तिला लागली असती तर तिच्याच अंगानं ते रक्त फोडून टाकलं असतं, मूत्रपिंडं गेली असती, कदाचित तीही. आणि जुळणीत काहीच दिसलं नसतं, कारण जुळणीची नळीच शेजारणीची होती.

ओची पिशवी नीट जुळवून, चुका नोंदवायचं रजिस्टर काखेत घेऊन मी परत वर गेले. डॉक्टर दारातच भेटले. "मॅडम, रजिस्टरला कशाला लिहिता? झालं तर काही नाही ना."

"पिशवी लागायचीच बाकी होती, सर."

"शिकली त मिजास आली," मागून सिस्टर पुटपुटल्या.

आली. माझ्या आईचं नाव कुणी कधी धड विचारलं नाही, दवाखान्यातही नाही. 'ए बाई' एवढंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि त्या शिक्षणाचा उपयोग जर कुणाला नाव नीट विचारण्याइतकाही नसेल, तर ती पदवी चुलीत घालावी.

पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी खाटेशी उभी राहिले. थंडी वाजत नाही ना, कंबर दुखत नाही ना, विचारत राहिले. काही झालं नाही. थेंब पडत राहिले. मग तिथंच स्टूल ओढून रजिस्टर मांडीवर घेतलं. खिसा लिहिला, खोटी वेळ लिहिली, दोघी बायांना कसं विचारलं ते लिहिलं. सिस्टरांनी सही करायला नकार दिला. त्याच्याखाली मी मागे घाईत मुकाट घेतलेल्या त्या दोन नळ्यांचंही लिहिलं, आणि त्यावर माझी एकटीची सही केली.