अर्धवट राहिलेला खुनाचा सिनेमा

जुने काळेपांढरे गुन्हेगारी सिनेमे तुम्ही नातवंडं आवडीने पाहता हे ऐकून बरं वाटलं, आणि पाठोपाठ एक जुना राग वर आला. तो लिहूनच काढते.

पन्नासच्या दशकात आम्ही देहूरोडला राहत होतो. माझे सासरे आणि तुमचे आजोबा दोघेही लष्करी डेपोत कारकून. डेपोच्या मैदानात अधूनमधून सिनेमा दाखवत, कधी इंग्रजीही. दोन खांबांना पांढरं कापड ताणून बांधत. पुरुष समोर बसत, बायका कापडामागे. मागून चित्र दिसे, पण उलटं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, सगळी माणसं डावखुरी. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

त्या संध्याकाळी खुनाचा सिनेमा होता. एका जवाहिऱ्याचा खून होतो. तपास करणारा फौजदार आणि दुकानातली टायपिस्ट, दोघंही त्यात सामील. खिडकीच्या पट्ट्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडे, डोळे अंधारात जात आणि खोटं बोलणारे ओठ तेवढे उजेडात राहत. तोवर मी पाहिलेल्या सिनेमांतल्या बायका एकतर रडत, नाहीतर माफी मागत. ही दोन्ही करत नव्हती. मी श्वास रोखून पाहत होते.

कापडामागे इंग्रजी येणारी मी एकटीच. शेजारच्या शेतकरी घरातल्या काकू म्हणाल्या, "पोरी, काय म्हनतिया ती? आमाला बी सांग की."

मी सांगू लागले. बायका जवळ सरकल्या.

"म्हंजी फौजदारच चोर व्हय?"

"हो, काकू."

"मंग आपल्यापरीस येगळं काय हाय तिकडं?"

सगळ्या हसल्या. हसू समोर ऐकू गेलं. टायपिस्टने पिस्तूल उचललं, आणि तेवढ्यात सासरे पडद्याला वळसा घालून आले.

"सूनबाई, घरी चला. साहेबलोक बसलेत समोर."

"मामंजी, शेवट राहिलाय."

"शेवट तो सांगेल घरी आल्यावर."

मी उठले. तेव्हा उठावंच लागे.

घरी तांदूळ निवडत बसले. तुमचे आजोबा आले तशी विचारलं, "काय झालं शेवटी?"

"ती मेली."

"कुणी मारलं?"

"मारलं असेल कुणीतरी. फार भरभर बोलतात ते."

"आणि फौजदार?"

"टोपी घालून गेला. छान होता सिनेमा."

ज्यांना अक्षर कळलं नाही ते शेवटपर्यंत समोर बसले, आणि जिला कळत होतं तिला तांदळातले खडे. सकाळी नळावर काकूही चिडलेल्या. "तू गेलीस आन् आमी नुसती त्वांडं बघत बसलो."

पुढच्या खेळाला मी चटई घेऊन थेट समोर, पुरुषांच्या पुढे जाऊन बसले. शेजारी काकू. सासऱ्यांनी पाहिलं, पण साहेबांदेखत बोलता येईना. सिनेमा भिकार होता, खतांच्या वापरावरचा. आम्ही तो पूर्ण पाहिला.

खुनाचा मात्र पुन्हा आलाच नाही. त्या टायपिस्टने गोळी झाडली की नाही, मला अजून माहीत नाही. मामंजींना बाकी पुष्कळ गोष्टी मी माफ केल्या, ही नाही.