पायऱ्यांवर बसलेली माणसं

ऑफिसात तिला सगळे मोजणीताई म्हणत. देशोदेशींच्या शहरांसाठी विज्ञान उद्यानं आणि स्मार्ट सिटी आखणाऱ्या त्या कंपनीत एकोणीस वर्षं ती एकच काम करत आली होती. रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारायची, कडेला उभं राहायचं आणि रेघ ओलांडणारं प्रत्येक माणूस हातातल्या छोट्या यंत्रावर टिपायचं. पाऊल पुढे पडलं की अंगठा खाली. भाची चिडवायची, "आत्या, झोपेतही अंगठा हलतो गं तुझा!" पण तिच्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

या खेपेचं विज्ञान उद्यान तिच्याच शहरात होणार होतं, बंद पडलेल्या यंत्रकारखान्याच्या जागी. नकाशा भिंतीवर लागला त्या सकाळी ती चहाचा कप घेऊन बघायला गेली आणि चहा हातातच निवला. कारखान्याच्या फाटकाजवळच्या पाच दगडी पायऱ्यांवर लाल फुली होती. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : वापर नगण्य, काढून टाकणे.

त्या पायऱ्यांवर तिचे बाबा रोज दुपारी बसत. बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात लेथ चालवून कानांनी अधू झालेले. आई गेल्यापासून घरात मोजकंच बोलत. पायऱ्यांवर मात्र जुना फोरमन आणि कोपऱ्यावरचा शिंपी भेटले की त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे.

आकडा तिचाच होता. रेघही तिने त्या पायऱ्यांसमोरच मारली होती. चालत गेलेले मोजले गेले. बसलेल्यांनी रेघ ओलांडलीच नाही. तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता आणि इतक्या वर्षांत तिनेही तो मागितला नव्हता.

ती तडक मुख्य नियोजक बाईंच्या खोलीत गेली.

"मॅडम, माझी मोजणी चुकली."

"तुमची? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

"बसलेली माणसं मी धरलीच नाहीत. मला चार दिवस द्या."

बाईंनी चष्मा काढला. "नकाशा आज चार वाजता महापालिकेत जातोय, ताई. पण तुमचा मुद्दा बिनतोड आहे. बसलेल्यांचा रकाना वाढवू आपण. पुढच्या शहरापासून."

"आणि इथे?"

"इथे चौदा बाकं दिलीत की."

"एकेकट्याची आहेत ती. दोन बाकांमध्ये तीस पावलं. माझ्या बाबांना ऐकू कमी येतं, ते काय ओरडून गप्पा मारणार?"

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "वडील बसतात होय तिथे? मग जपून बोला. लोक म्हणतील, घरच्यासाठी आकडे फिरवले. टिपण लिहून द्या, फाइलला लावते."

तिने टिपण लिहिलं. चार वाजता फाइल गेली; आत टिपण होतं आणि नकाशावर फुलीही होती. त्याआधीच नवा तक्ता परदेशांतल्या सगळ्या शाखांना रवाना झाला होता. शेजारच्या टेबलावरचा आरेखक म्हणाला, "पेढे कधी, मोजणीताई? जगभर तुमचा रकाना!" तिने पर्स उचलली.

पायऱ्यांवर तिघंही होते. तिने वाकून बाबांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, "बाबा, या पायऱ्या काढणार आहेत."

"काढू देत," शिंपी म्हणाला, "आम्हाला थोडंच काढतायत!" फोरमन खो खो हसला.

"माझ्या मोजणीवरून काढतायत."

हसणं तिथेच थांबलं. बाबा तिच्याकडे वळले.

"तुझ्या? अगं, तू तर दोन दिवस इथेच उभी होतीस, समोर. मी हात केला होता तुला."

तिने तो हात बघितला होता. तेवढ्यात रेघेवरून तीन माणसं चालली होती. तिने तीन मोजली होती.

"बघितलं होतं, बाबा."

बाबांनी मान डोलावली. मग ते शिंप्याकडे वळले आणि मोठ्या आवाजात त्याला भलतंच काहीतरी विचारू लागले.