कंट्रोलची बाटली

रंगाऱ्याच्या टाचेत काहीतरी जिवंत वाढतंय, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली, तेव्हा न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं दाढी आटोपली तरी खुर्ची सोडेनात. कुणी म्हणे, पाय उंदराचा होणार. कुणी तर शेपटीची लांबीही सांगून मोकळा. बोलायला जागा होतीच म्हणा. रंगाऱ्याची थोरली बहीण संशोधन केंद्रात उंदीर सांभाळायची. सगळी गल्ली तिला उंदीरमावशी म्हणे. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा, आणि तिचा राग नेमका त्यांच्यावर.

पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाणी भरायचं, मेलेले वेगळे काढायचे, हे तिचं काम. तिथे तेव्हा दोन पेप्टाइडांची तुलना चालली होती. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारकासा तुकडा. फाटलेलं मांस कोणता तुकडा चांगलं सांधतो, ते बघायचं. एक लाल टोपणाच्या बाटलीत, दुसरा निळ्या. तिसरी बाटली हिरव्या टोपणाची. ज्या त्या बाटलीचे उंदीर वेगळ्या फळीवर, हिरव्याचे तिसऱ्या.

लाल फळीवरच्या जखमा भराभर मिटत, पण मिटून थांबत नसत. कातडीखाली गाठ धरे, आणि बोट लावलं की ती ऊन लागे. निळ्या फळीवर वरून सगळं गुळगुळीत, दाबलं की आत पोकळ. वर उगवलेले केसही उलट्या दिशेचे. मावशी आत शिरली की दोन्ही फळ्यांवरची खुडबुड एकदम थांबे, आणि सगळे तिच्याकडे टक लावून बसत. हिरवेवाले तेवढे खाऊनपिऊन निवांत झोपलेले. त्यांच्या जखमा सावकाश भरत, पण नीट.

"मॅडम, हे हिरवे कसले हो?" तिने एकदा विचारलं.

संशोधक मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून डोकंही काढलं नाही. "ते होय? ते कंट्रोल."

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर नाही का म्हणत, साखर कंट्रोलमध्ये, बीपी कंट्रोलमध्ये? लाल-निळं औषध म्हणजे मोकाट, आणि हिरवं ताब्यातलं!

घरी धाकटा भाऊ खिडकीशी बसून होता. शिडीवरून पडून टाचेमागची शीर तुटलेली. डॉक्टरांनी ती शिवली होती आणि कुबडीशिवाय पाय टेकायचा नाही, अशी तंबी दिली होती. इकडे ठेकेदार दुसरा रंगारी शोधत होता.

"ताई, शिडी चढता येईल ना गं मला पुन्हा? उंदरांना औषध आणि सख्ख्या भावाला नुसता धीर?"

"उंदरासारख्या मिशा फुटू देत तुला, मग बघते," ती म्हणायची. पण एका संध्याकाळी हिरव्या टोपणाची उरलेली बाटली तिच्या पिशवीतून घरी आली, आणि तिने स्वतःच्या हाताने सुई टोचली.

मग ते सुरू झालं.

"ताई, आत कुणीतरी विणतंय," तो टाचेकडे बघत हळूच म्हणाला. "कान दे. टाक्यावर टाका घालतंय."

त्याने कुबडी कोपऱ्यात ठेवली आणि खोलीभर फिरू लागला. खालच्या बिऱ्हाडाला वर पावलं ऐकू यायची: एक जड, एक ओलसर. मावशी आधी हरखली. मग तिने त्याची टाच हातात घेतली. कातडीखाली काहीतरी तिच्या बोटाखालून सरकलं. आणि ती ऊब! ती तर लाल फळीवरची.

दुसऱ्या दिवशी तिने भीत भीत विचारलं, "मॅडम, कंट्रोलने गाठ धरते का हो?"

"कशी धरेल? त्यात औषधच नाही. औषधाशिवाय काय होतं ते कळावं म्हणून ठेवलेत ते. मिठाचं पाणी आहे नुसतं."

मावशी तशीच, हातमोजे न काढता, घरी धावली. तो शिडीच्या टोकाला उभा होता. तोंड भिंतीकडे, घामाने चिंब, हातात कोरडा ब्रश, आणि कोरड्याच ब्रशने छत रंगवणं चाललेलं.

"उतर खाली! ते पाणी होतं रे, मिठाचं पाणी!"

तो सावकाश वळला. त्याचे डोळे तापाने चकाकत होते. तो हसला.

"मग ताई, विणतंय ते कोण?"

तो पू होता. बाटली उंदरांची, तिचं रबरी बूच अनेकदा टोचलेलं, आतलं पाणी माणसासाठी शुद्ध केलेलं नव्हतं. डॉक्टरांनी टाच उघडून पू काढला; शिवलेली शीर त्यात सडून गेली होती. रंगारी पुन्हा शिडी चढला नाही.