पन्नासची पट्टी

लालबागच्या ज्या गाळ्यात मी काम करते, तिथे करंट मोजायची मीटरं दुरुस्त होतात. मी हिंगोलीकडची, शाळा आठवीतच सुटलेली. पण काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दाखला मागितला नाही. "शिकशील," म्हणाले. तो शब्द मला अजून पुरतो.

सुरुवातीला नुसतं पुसणं आणि स्क्रू आवळणं. मग एके दिवशी त्यांनी पट्टी हातात दिली. मीटरची सुई नाजूक. करंटचा किंचित वाटाच तिला सोसतो. बाकी सगळा शेजारच्या धातूच्या पट्टीतून जातो. मीटर तेच, पट्टी बदलली की दहा अँपिअरचं पन्नासचं होतं. ही पट्टी कानशीने घासत घासत बरोबर जुळवायची.

"ह्या जमला तर रव," काका म्हणाले, "नाय तर दुसरीकडे बघूया."

दुसरीकडे कुठे बघणार? गावी माझ्या झोपायच्या जागेवर आता वहिनीचं शिलाई मशीन आहे.

खात्रीच्या मीटरवर पन्नास, माझ्या मीटरवर सेहेचाळीस. बटण बंद करायचं, थोडं घासायचं, पुन्हा चालू करून बघायचं. पट्टी बारीक होईल तशी सुई पुढे सरकते. एकोणपन्नासला हात थांबला. जास्त घासलं गेलं तर सुई पन्नासच्या पुढे जाणार, आणि घासलेलं परत कुठून आणायचं?

तारा गुंडाळणारी अँटॉप हिलची ताई हसली. "सुई आहे गं ती, नवरा नाही. किती बघशील?"

"घाबरतस कित्याक?" काका म्हणाले, आणि दोघं जेवायला गेले.

गाळा शांत झाला. मी राहते त्या कॉटन ग्रीनच्या खोलीतही असंच असतं. आम्ही चौघी, पण प्रत्येकीची कामाची पाळी वेगळी. मी येते तेव्हा कुणीतरी झोपलेलं असतं. आईला फोनवर मी "जेवले, बरी आहे" एवढंच सांगते, तेही हळू आवाजात.

मी एकदाच घासलं, अगदी हलकं. बटण दाबलं. सुई पन्नासवर उभी राहिली. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी पन्नासच. सांगायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तशीच बघत बसले.

काका आले. त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. खणातून शंभरची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली.

"जेवलंस गो? आदी जेव. मगे ही घे."

मी डबा उघडला. जेवायला एकटीच होते, पण त्या दिवशी सावकाश जेवले.