कोरी सायकल आणि शालीकराम मिस्त्री

लोकांना वाटायचं, सायकल विलायतेहून तयार होऊनच येते. शालीकराम मिस्त्रीच्या डोक्याला खरा ताप हाच होता. गोंदियाच्या बाजारात मनीराम सेठच्या दुकानात ती यायची लाकडी पेटीत, सुटी सुटी. कागद गुंडाळलेली फ्रेम वेगळी, चाकं वेगळी, हँडल भुशात पुरलेलं. शालीकराम ते सगळं घासलेटनं धुवायचा, छर्रे ग्रीस लावून बसवायचा, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा, ब्रेक जुळवायचा. मग स्वतः सायकलवर बसून स्टेशनपर्यंत जाऊन यायचा, आणि आल्यावर सगळं एकदा पुन्हा आवळायचा.

धुणं-पुसणं लोक कौतुकानं पाहायचे. ती शेवटची फेरी मात्र कोणाला खपत नसे. आपण घेतलेल्या नव्या वस्तूवर आपल्याआधी दुसऱ्यानं बसायचं म्हणजे काय?

शालीकराम तिरोड्याकडच्या लोहाराच्या घरातला. भट्टीच्या धुरानं दम लागायचा म्हणून गाव सोडून गोंदियाला आला आणि सायकलीच्या कामात पडला. हात चांगला होता, तोंड तिखट. सेठ त्याला दुकानाच्या मागच्या बाजूला बसवायचा तो त्या तोंडामुळेच.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. वैशाखात चुन्नीलाल पटले सायकल घ्यायला आले. तिरोड्याजवळ त्यांची मोठी धानाची शेती. मुलीचं, दुलारीचं, लग्न ठरलं होतं आणि जावयाला सायकल द्यायची होती. सायकल जोडून झाली, शालीकरामनं टांग टाकली, तोच चुन्नीलालनी हँडल धरलं.

"माह्या जावयाच्या अगुदर हिच्यावर कोनी बसाचं नाही."

शालीकरामनं समजावून पाहिलं. पायडलची दांडी एका पिनेवर धरलेली असते. माणसाचं वजन पडल्यावर ती पिन जराशी बसते, ढिली होते, मग ती पुन्हा ठोकावी लागते. वजन पडल्याशिवाय हे कळायचं कसं? चुन्नीलाल ऐकून घेत होते आणि हँडल सोडत नव्हते.

"बैल घेता तं जुपून नाही पाहत काय?" शालीकरामनं शेवटी विचारलं.

"बैल कोरा नसते जी. हे कोरी आहे."

शालीकरामनं सेठकडे पाहिलं. सेठनं हिंदीत सांगितलं की ग्राहक म्हणतो तसं करून टाक. वर चुन्नीलालनी आणखी एक अट घातली. सायकलीला वाटेत ओरखडा पडू नये म्हणून मिस्त्रीनं सोबत यायचं. सेठनं तीही मान्य केली. सायकल धानाच्या तणसावर निजवून बैलगाडी निघाली, आणि ज्याला तिच्यावर बसायची बंदी होती तो माणूस रखरखत्या उन्हात तिला दोन्ही हातांनी धरून बसला.

लग्न लागलं. मांडवासमोर सायकल उभी केली. वऱ्हाडातले लोक नवरदेवाला, खेमराजला, म्हणू लागले की बसून दाखव. खेमराज मान खाली घालून उभा. बाशिंग आडवं येते, म्हणाला. बाशिंग काढलं तर म्हणाला, धोतर सैल आहे. लोक हसायला लागले. जावयाची शोभा होते आहे हे पाहून चुन्नीलाल शालीकरामजवळ आले.

"मिस्त्री, तुम्हीच चालवून दाखवा."

सायकल चालते की नाही हे शालीकरामलाही पाहायचं होतं. तो बसला. पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीला वळताना त्यानं पायडलवर जोर दिला, दांडी लचकली, पाय निसटला आणि तो वऱ्हाडाच्या पाण्याच्या माठांवर जाऊन आदळला. दोन माठ फुटले. गुडघा सोलला.

"म्हनूनच म्हनत होतो, कोनी बसाचं नाही," चुन्नीलाल सगळ्यांना सांगू लागले. "मिस्त्रीनं जावयाची सायकल मोडली."

शालीकराम पिनेचं सांगायला लागला. कोणी ऐकेना. एक म्हातारी म्हणाली की फुटलेल्या माठांचे पैसे मिस्त्रीनंच भरून द्यावे. शेवटी तो मांडवाच्या कडेला बसून दगडानं पिन ठोकू लागला. ठोकताना बोटावरही एक घाव बसला.

खेमराज हळूच येऊन शेजारी उकिडवा बसला.

"मले चालवता येत नाही जी," तो कुजबुजला. "सायकल माह्या बाबानं मागतली. मी नाही मागतली."

शालीकरामला हसावं की ओरडावं कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी धानाच्या रिकाम्या बांधीत त्यानं खेमराजला शिकवलं. पोरगा धुऱ्यावरून, बांधीच्या उंच कडेवरून, कितीदा पडला, फ्रेमचा रंग खरवडला. ते पाहून चुन्नीलाल कौतुकानं म्हणाले की जावई लवकर शिकून राहिले.

घरी आल्यावर शालीकरामनं बायकोजवळ, रुख्माजवळ, सगळा राग ओकला. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"तुम्ही पिन सांगता. कोनाले समजते? नजर सांगा," ती म्हणाली.

तो तिच्यावरच खेकसला. पण पुढच्याच आठवड्यात चिचगडचा सुखराम, मोहफुलांचा व्यापारी, नवी सायकल घ्यायला आला आणि त्यानंही हँडल धरलं. शालीकरामनं दात आवळून सांगितलं, नव्या वस्तूले नजर असते, फेरी मारून उतरवून देतो. सुखरामनं झटकन हात काढला.

"मोठी फेरी मारा जी," तो म्हणाला.

त्या दिवसापासून फेरीला कोणी अडवलं नाही. पण शालीकरामची सुटका झाली नाही. आता लोक म्हणायचे, फेरी लहान झाली, आणखी एक मारा. दुसऱ्या दुकानातल्या सायकली त्याच्याकडे नजर काढायला यायला लागल्या. सेठनं हँडलला लिंबू बांधायला सुरुवात केली. सावित्रीबाई नावाची बाई तर नवीन शिवणयंत्र घेऊन आली. यावर बसून कुठं जाऊ, असं शालीकरामनं विचारलं. ती म्हणाली, बसू नका, निदान भोवती तरी फिरा. सेठ पाहत होता म्हणून तो फिरला.

लढाईच्या काळात नव्या पेट्या येणं थांबलं. मग लोक जुन्याच सायकली नजरेसाठी आणू लागले. गुडघे दुखत असले तरी शालीकराम कुरकुरत सायकलवर बसायचा, स्टेशनपर्यंत जायचा, वाटेत काय खडखडतं ते ऐकायचा आणि आल्यावर तेवढं आवळून द्यायचा. सायकल हातात देताना दर वेळी सांगायचा, चेनीले तेल देत जा.

कोणी देत नसे.