वास न येणारे वस्ताद

माजरीत कोळशाचे ट्रक रंगवणाऱ्या आमच्या वस्तादांना वास येत नसे. थिनरचा नाही, जेवणाचा नाही, दुकानामागच्या नालीचाही नाही. "बायको रागात डाळ करपवते आन् मी म्हणतो, आज मस्त झाली," असं सांगून तेच आधी हसायचे.

मी अहेरीकडचा. आठवीत शाळा सोडलेली, बायको आणि तान्ही पोर गावी ठेवून आलेला. काम सुटेल की काय, हा घोर मला झोपेतही असे. वस्तादांनी नावाआधी गाव विचारलं आणि कायम "अहेरी" म्हणूनच हाक मारली.

थिनरमध्ये टोल्युइन असतं, हे त्यांनीच सांगितलं. दिसायला पाणी, पण घट्ट रंगाला दुधासारखं पातळ करतं आणि उडून जातं. पत्र्यावर चमक तेवढी राहते. "चपलीचा गम, सीटचा गम, छापखान्याची शाई, सगळ्याईत हेच हाय. रंगाले रस्ता दाखवते आन् निघून जाते." नवा डबा आला की ते थेंबभर कागदावर टाकत. कागद कोरडा झाला तर माल चांगला. तेलकट डाग राहिला तर रॉकेलची भेसळ. तरी खात्रीसाठी मला हुंगायला लावायचे. "तुह्या नाकावर दुकान चालून राह्यलं, अहेरी."

थंडीतही दोन्ही दारं उघडी असत. एकदा एक ड्रायव्हर दाराशी बिडी पेटवायला बसला, तर वस्तादांनी त्याची काडीपेटीच काढून घेतली.

"डबा तं आतमंदी हाय, चाचा," तो कुरकुरला.

"वाफ जड असते बाबा. जमिनीवरून पाण्यावानी चालत येते, दिसत नाई. बिडी रोडवर जाऊन पी. आल्यावर चहा पाजतो."

आणि पाजलाही.

त्याच हिवाळ्यात एक डबा हुंगून मी म्हणालो, "मेलेला माल हाय वस्ताद. वासच नाई." त्यांनी कागदावर थेंब टाकला. माल अस्सल होता. त्यांनी दुसरा डबा उघडला, मग रॉकेलची बाटली नाकाजवळ आणली. मला कशाचाच वास आला नाही.

"सर्दी झाली असन," मी म्हणालो. त्यांनी बाटलीचं बूच लावलं.

संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"काऊन वस्ताद? काय चुकलं?"

"काईच नाई. माह्यंबी असंच सुरू झालं होतं. मलेबी सर्दीच वाटली."

त्यांनी मला सायकलवर डबलसीट बसवून ट्रकच्या चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलणाऱ्या एका दोस्ताकडे नेलं. "इमानदार माणूस हाय. पण याले रंगाजवळ जाऊ देऊ नको," एवढंच त्याला सांगितलं.

"तुमच्याकडं आता कोण?" मी विचारलं.

"पाहीन ना. तुह्यी पोरगी लहान हाय अजून. माह्या पोट्ट्याईच्या टाळूचा वास मले कधी समजलाच नाई."

उन्हाळ्यात घरी गेलो. बायकोनं पोरीला न्हाऊ घालून, तेल लावून माझ्या हातात दिलं. वास आला. आधी खोबरेलाचा, मग तिचा. बायको जेवायला हाक मारत होती, पण मी पोरीला खाली ठेवलं नाही.